पडणाऱ्या मुलालाही खेळू द्या
(पालक-विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



मला खेळाविषयी बोलायला सांगितले आहे. परंतु मैदान गाजवणाऱ्या मुलांविषयी मी बोलणार नाही. मैदानाच्या कडेला बसून राहणाऱ्या मुलाविषयी बोलणार आहे.

काही वर्षांपूर्वी माझ्या सहावीच्या वर्गात एक मुलगा होता. कवायतीच्या तासाला तो झोकांड्या खात चाले. डोळे मिटायला सांगितले की शेजारच्या मुलावर कलंडे. वर्गाने त्याचे नाव ‘भोवरा’ ठेवले होते. तो मुद्दाम सोंग करतो असे वाटून मी त्याला दोनदा तासभर उभे केले. ही चूक माझी होती आणि ती आपल्यासमोर कबूल करणे मी माझे कर्तव्य समजतो.

एके दिवशी त्याची आई शाळेत आली. म्हणाली, “सर, इसको खेलने मत भेजो, गिरता है.” मग तिने सांगितले, की हा लहान असताना त्याला मेंदूज्वर झाला होता. तेव्हापासून एका कानाने कमी ऐकू येते आणि रात्री लाइट गेली की तो भिंत धरून चालतो. नजर लागली म्हणून ताईतही बांधला होता. आईच्या मायेला मी नावे ठेवत नाही. दुआ जरूर करावी, पण तिच्या जोडीला दवाही हवी.

पालकहो, आपण तोल कसा सांभाळतो हे थोडक्यात समजून घेऊ. कान केवळ ऐकण्यासाठी नाही. कानाच्या आतल्या भागात तीन अर्धवर्तुळाकार नलिका आणि दोन लहान पिशव्या असतात. डोके कोणीकडे वळले, कोणीकडे झुकले, याची खबर त्या मेंदूला देतात. दुसरी खबर डोळे देतात आणि तिसरी पायांचे तळवे, स्नायू व सांधे देतात. या तिन्ही खबरांचा मेळ मेंदू घालतो. त्यात लहान मेंदूचे काम मोठे असते. यांपैकी एक खबर खोटी किंवा अपुरी आली, की तोल जातो. आमच्या मुलाची कानाची खबर अपुरी होती, म्हणून तो डोळ्यांवर विसंबून होता. अंधारात किंवा डोळे मिटल्यावर तो का पडे, हे आता आपल्या ध्यानात येईल.

प्रत्येक मुलाचे कारण एकच नसते. कोणाच्या कानात पाणी साठलेले असते, कोणाला सेरेब्रल पाल्सी असते, कोणाला काही औषधांचा अपाय झालेला असतो. जन्मतः कमी ऐकू येणाऱ्या मुलांपैकी अनेकांचा तोलही कच्चा असतो व ती उशिरा चालू लागतात. म्हणून आधी डॉक्टर, मग खेळ, हा क्रम कधीही मोडू नये.

आता खेळाचा औषधाशी काय संबंध, असे आपण विचाराल. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्लंडमध्ये कॉथॉर्न आणि कुक्सी या दोन डॉक्टरांच्या असे ध्यानात आले, की डोक्याला मार लागून चक्कर येणारे जे रुग्ण हालचाल करतात, ते पडून राहणाऱ्यांपेक्षा लवकर सावरतात. त्यांनी क्रमवार व्यायाम तयार केले आणि त्यात चेंडूचे खेळही घातले. यातले मर्म असे, की मेंदू सरावाने शिकतो. एक खबर कमी पडली, तर उरलेल्या दोन्हींचा अधिक चांगला उपयोग करायला तो शिकतो. पण त्यासाठी तीच हालचाल शेकडो वेळा करावी लागते. मोठा माणूस ती निश्चयाने करील, मूल दोन दिवसांत कंटाळेल. खेळात मात्र तेच मूल “अजून एक डाव” म्हणते.

आमच्या मुलाचे असेच झाले. फिजिओथेरपिस्ट बाईंनी दिलेले व्यायाम तो करीना. तेव्हा त्यांनीच त्या व्यायामांचे खेळ केले आणि शाळेची मदत मागितली. ते खेळ आपल्या अंगणातलेच आहेत. जमिनीवर सुतळी टाकून तिच्यावरून चालायचे, ते जमले की हातात लिंबू-चमचा घ्यायचा. लगोरीत वाकणे, नेम धरणे व फरश्या रचणे आले. ‘स्टॅच्यू’ म्हणताच जागीच थांबणे आले. घडी केलेल्या गोधडीवर उभे राहून चेंडू झेलायचा. पुढे एका पायावर, म्हणजे ठिकरी आणि लंगडी. डोळे बांधायचा खेळ सर्वांत शेवटी, तोही कोणी हात धरून असताना.

क्रम सोपा आहे. बसून, मग उभे राहून. दोन पायांवर, मग एका पायावर. घट्ट जमिनीवर, मग मऊ जागी. एक पायरी पक्की झाल्याशिवाय दुसरी चढू नये. दररोज थोडा वेळ खेळावे. थोडे गरगरले तर थांबून विसावा द्यावा, जास्त त्रास झाला तर डॉक्टरांना विचारावे. गच्ची, विहीर, जिना व रस्ता यांच्याजवळ हे खेळ नकोत. मोठ्या माणसाने हाताच्या अंतरावर उभे राहावे, परंतु मूल डगमगले की लगेच धरू नये. त्या डगमगण्यातच शिकणे असते.

काही महिन्यांनी तो मुलगा लगोरीच्या डावात धावू लागला. पूर्ण बरा झाला असे मी म्हणणार नाही. अंधारात तो अजूनही जपून चालतो. पण वर्गातल्या मुलांनी त्याला आपल्या डावात घेतले आणि ‘भोवरा’ हे नाव आपोआप मागे पडले. विद्यार्थी मित्रांनो, हे औषध डॉक्टरांपाशी नव्हते, ते तुमच्यापाशी आहे.

मूल मान धरायला, बसायला, चालायला उशीर करीत असेल, वारंवार पडत असेल, कान वाहत असेल किंवा कमी ऐकू येत असेल, तर वाट पाहू नका. एकाएकी तोल गेला, सोबत उलट्या, तीव्र डोकेदुखी किंवा झटके असतील, तर तातडीने रुग्णालय गाठा. लातुरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक २०१३ पासून अंगणवाडी व शाळांतून मुलांची तपासणी करते. त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका. ऐकण्या-बोलण्याच्या अडचणींसाठी मुंबईत वांद्रे येथे १९८३ साली स्थापन झालेली राष्ट्रीय संस्था आहे. तिला आपल्या राज्याचे माजी राज्यपाल अली यावर जंग यांचे नाव आहे. ते हैदराबादचे होते आणि उस्मानिया विद्यापीठाचे कुलगुरू होते. आपला मराठवाडा त्या काळी हैदराबाद संस्थानातच होता.

माता-भगिनींनो, पडेल म्हणून मुलाला खाटेवर बसवून हाती मोबाईल देणे ही माया खरी, पण तिने पाय अधिकच कच्चे होतात. गुडघा खरचटला तर मलम लावता येते. गेलेले बालपण परत आणता येत नाही. आज संध्याकाळी घरी गेल्यावर अंगणात एक सुतळी टाका आणि आपल्या मुलाबरोबर तिच्यावरून आपणही चालून पाहा.