उतरावयाचे कुठे?

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



यंदाची सहल लातूरहून नांदेडला न्यावयाची हे ठरले, पाहावयाचे काय हेही ठरले. पण उतरावयाचे कुठे, या प्रश्नावर मागच्या सभेत दोन तट पडले. म्हणून चिटणीसबाईंनी हा विषय माझ्याकडे सोपविला आहे. एका रात्रीचा तर प्रश्न, कुठेही पाठ टेकता येते, असे घरची पुरुषमंडळी म्हणतात. त्यांची टेकत असेल. आपल्यापैकी कित्येकींनी माहेर, सासर आणि नात्यातले लग्नघर सोडून चौथ्या ठिकाणी कधी रात्र काढलेली नाही.

चाकूर, अहमदपूर, लोहा करीत नांदेड गाठावयास तीन-साडेतीन तास लागतात. त्याच दिवशी परतणे अशक्य नाही. पण मग पहाटेचा गोदावरीचा घाट आणि गुरुद्वाऱ्यातले सकाळचे कीर्तन हातचे जाते, आणि नांदेडला जाऊन तेवढेच चुकवावयाचे तर जावे कशाला? गुरू गोविंदसिंगांनी १७०८ साली याच गावी देह ठेवला. त्या जागेवरची सचखंड हुजूर साहिबची वास्तू महाराजा रणजितसिंगांनी १८३२ ते १८३७ या काळात उभारविली. २००८ मध्ये गुरुग्रंथसाहिबाला गुरुपद मिळाल्याची त्रिशताब्दी साजरी झाली, तेव्हा देशोदेशींचे यात्रेकरू आले.

आपल्यापुढे दोन वाटा आहेत. एक गुरुद्वाऱ्याच्या यात्री निवासाची, दुसरी गावातल्या लॉजची. माझे मत पहिलीकडे झुकते. भाडे माफक, दर्शन पायी चालत, रात्री उशिरापर्यंत बायामाणसांचा वावर, आणि लंगरात जातपात न विचारता सर्वांना एका पंगतीत जेवण. मात्र तेथील शिस्त पाळावी लागते. डोक्यावर पदर हवाच, तो आपल्याला नवा नाही. पण आवारात तंबाखू अजिबात चालत नाही. मिश्री ही तंबाखूच असते, बायांनो! ज्यांना सकाळी मिश्रीशिवाय सुचत नाही त्यांनी आधीच मनाची तयारी करावी, डबी घरी ठेवावी. शिवाय दसरा, दिवाळी आणि होळीच्या सुमारास तेथे पंजाबातून अपार गर्दी लोटते. त्या दिवसांत खोलीची आशा धरू नये. मार्गशीर्षात माळेगावच्या खंडोबाची यात्रा भरते, तेव्हा वाटेवरच खोळंबा. तारीख ठरविताना हे ध्यानात असावे.

लॉज पाहावयाचा तर भाड्याच्या आधी इतर गोष्टी विचाराव्या. खोली कितव्या मजल्यावर? लिफ्ट आहे का, आणि वीज गेल्यावर चालते का? शौचकूप बैठा की खुर्चीचा? हा प्रश्न विचारावयास आपण लाजतो, आणि मग दुखऱ्या गुडघ्यांची बाई रात्रभर पाण्याचा घोट घेत नाही. गरम पाणी किती वाजेपर्यंत? दिवस चोवीस तासांचा, की दुपारी ठरावीक वेळेला खोली सोडावी लागते? आधार कार्ड प्रत्येकीचे हवे, एकीच्या यजमानांचे दाखवून भागत नाही. आणि दोघींनी आधी जाऊन नळ सोडून पाहावा. छायाचित्रात नळाला पाणी आहे की नाही ते दिसत नाही. परदेशी जाणाऱ्यांनाही हे चुकत नाही: स्वीडनमध्ये स्टॉकहोमचा जुना भाग, गामला स्तान, पाहावयास देखणा, पण गल्ल्या दगडी फरशीच्या आणि घरे शतकांपूर्वीची, तेव्हा चाकांची पेटी कुठवर जाईल हे तेथेही आधी पाहावेच लागते.

आता खरा मुद्दा. ज्यांना परवडते त्यांनी लॉजवर उतरावे, बाकीच्यांनी यात्री निवासात, अशी एक सूचना आली आहे. ती सोयीची दिसते. मला ती मुळीच मान्य नाही. असे केले तर काय होईल ते सांगते. पैशांची अडचण असलेली बाई, "मला परवडत नाही," असे सभेत कधीच म्हणणार नाही. "सून बाळंतपणाला आली आहे," म्हणेल, "पाय दुखतात," म्हणेल, आणि गाडी तिच्याशिवाय निघेल. जी येईल ती रात्री आठ वाजता आपली पिशवी उचलून दुसऱ्या रस्त्याला वळेल, आणि दिवसभर एकत्र हिंडलेल्या आपण तेथे दोन मंडळे होऊ. उतरावयाचे तर सर्वांनी एका छपराखाली. वृद्ध भगिनींसाठी तळमजल्याच्या निराळ्या खोल्या घ्याव्या लागल्या, तर तो वाढीव खर्च मंडळाच्या शिलकेतून व्हावा, तिकिटावर चढवू नये. ही सूचना मी आज रीतसर मांडते. अनुमोदन कोणी द्यावयाचे ते आपण ठरवा.

नावे चिटणीसबाईंकडे द्यावयाची आहेत. नावापुढे गुडघ्याचे, दम्याचे काही दुखणे असेल तर तेही लिहा. ते खोल्यांच्या वाटणीसाठी हवे आहे. कोणाला गाळण्यासाठी नव्हे.