मनुष्य हा विक्रीचा माल नव्हे



मनुष्याचा क्रयविक्रय हें पाप आहे, इतकें आपण सर्वच जाणतों. परंतु तें पाप कां, याचाहि विचार केला पाहिजे. कारण हल्लीं हा व्यापार सांखळदंड घेऊन दारीं येत नाहीं, नोकरीचें पत्र व प्रवासाचें तिकीट घेऊन येतो.

संत जोसेफिन बखिता यांचें चरित्र या कामीं उपयोगी पडेल. सुदानांतील दार्फुर प्रांतांत सुमारें १८६९ सालीं त्यांचा जन्म झाला. बालपणींच त्यांस पळवून पुनःपुनः विकण्यांत आलें. त्या धास्तीनें त्यांस स्वतःचें मूळ नांवहि आठवेना. पुढें खार्टूम येथें एका इटालियन कॉन्सलनें त्यांस विकत घेतलें. त्या घरीं मारहाण नव्हती. नंतर इटलींतील एका कुटुंबाकडे त्या राहिल्या. मालकीण त्यांस परत आफ्रिकेंत नेऊं लागली, तेव्हां व्हेनिस येथें कनोसियन भगिनींच्या आश्रयास असलेल्या बखितांनीं जाण्याचें नाकारिलें. आणि २९ नोव्हेंबर १८८९ रोजीं न्यायालयानें त्या स्वतंत्र असल्याचा निर्णय दिला.

बेंथाम या इंग्रज तत्त्ववेत्त्याच्या मतें ज्या कृत्यानें अधिकांत अधिक सुख होतें तें चांगलें. परंतु मालक दयाळू व अन्नवस्त्र भरपूर असेल, तेथें हा तराजू डळमळतो. लास कासास या धर्मगुरूंनीं १५१६ सालीं अमेरिकेंतील मूळ रहिवाशांचा छळ थांबावा म्हणून आफ्रिकन गुलाम आणण्याचें सुचविलें, व पुढें त्याबद्दल पश्चात्ताप लिहून ठेविला. एकाचें दुःख दुसऱ्याच्या खांद्यावर ठेविल्यानें न्याय होत नाहीं.

जर्मन तत्त्ववेत्ता कांट यानें १७८५ सालीं प्रतिपादिलें कीं, वस्तूस किंमत असते, मनुष्यास प्रतिष्ठा असते. त्यास केवळ साधन म्हणून वापरूं नये. ख्रिस्तसभा सांगते कीं, ही प्रतिष्ठा परमेश्वराच्या प्रतिमेंतून येते. म्हणून बालकास व निरक्षरासहि ती पूर्ण आहे. पोप सोळावे ग्रेगरी यांनीं १८३९ सालीं गुलामांच्या व्यापाराचा निषेध केला. तरी पोर्तुगीज अमदानींत आमच्या गोव्यांतील ख्रिस्ती घरांतहि गुलाम होते, हें आपण विसरूं नये.

कोणी म्हणेल, “ती तर आपखुषीनें आली.” संयुक्त राष्ट्रांच्या २००० सालच्या पालेर्मो करारानें याचें उत्तर दिलें आहे: फसवणूक, धाक अथवा असहायतेचा गैरफायदा घेऊन मिळविलेली संमति ही संमति नव्हे; आणि बालकाच्या बाबतींत तर संमतीचा प्रश्नच नाहीं. आपल्या राज्यघटनेचें २३ वें कलमहि मनुष्याचा व्यापार व वेठबिगार यांस मनाई करितें.

बखितांच्या स्मृतिदिनीं, ८ फेब्रुवारीस, २०१५ सालापासून ख्रिस्तसभा या पापाविरुद्ध प्रार्थना करिते. त्या दिवशीं आपण आपल्याच घराकडे पाहूं या. दूरच्या गांवाहून कामास आणिलेल्या मुलीचे कागद कोणाजवळ आहेत? तिची मजुरी कोणाच्या हातीं पडते? आणि उद्यां ती “मी जातें” म्हणाली, तर दार उघडें आहे काय?