भाकरीच्या टोपलीचं चित्र

(विहाराच्या वर्धापनदिनी दिलेलं भाषण)



विहार समितीने मला सांगितलं, "सर, पोरांना चित्रकलेवर चार शब्द सांगा." म्हणून आज तैलचित्रांबद्दल बोलणार आहे.

तैलचित्र म्हटलं की राजेरजवाड्यांच्या तसबिरी डोळ्यांपुढे येतात. वाटतं, हे मोठ्या लोकांचं काम. पण या रंगातलं तेल कुठलं? जवसाचं! ज्या जवसाची चटणी आपण भाकरीबरोबर खातो, तेच. शेंगदाण्याचं तेल कितीही दिवस ठेवा, वाळत नाही. जवसाचं तेल मात्र हवेतला प्राणवायू घेऊन हळूहळू घट्ट होतं आणि रंगाला धरून ठेवतं. वाळायला काही दिवस लागतात, म्हणून काढणाऱ्याला पुन्हा बघायला, पुसायला, सुधारायला सवड मिळते.

आणखी एक गोष्ट प्रत्येक बौद्ध घरात माहीत असावी. अफगाणिस्तानातल्या बामियानच्या दोन भव्य बुद्धमूर्ती 2001 साली तालिबानने फोडल्या. पण तिथल्या लेण्यांतली काही भित्तिचित्रं तपासली, तेव्हा सातव्या शतकाच्या सुमाराच्या त्या रंगांत वाळणारं तेल सापडलं. 2008 साली हे जाहीर झालं. युरोपात तैलरंग रुळण्याच्या कित्येक शतकं आधी बौद्ध लेण्यांत ही कला होती!

आता प्रश्न असा, की चित्र काढायचं कशाचं? हॉलंडच्या व्हिन्सेंट व्हॅन गॉगने 1885 साली एक शेतकरी कुटुंब रंगवलं. दिव्याच्या उजेडात पाच माणसं उकडलेले बटाटे खात बसली आहेत. हात राठ, रंग मातकट. ज्या हातांनी माती उकरली तेच हात ताटात आहेत, हे त्याला दाखवायचं होतं. आज ते चित्र जगभरचे लोक रांग लावून बघतात.

आपल्याकडचं उदाहरण घ्या. मकबूल फिदा हुसेन 1915 साली आपल्याच जिल्ह्यात, पंढरपुरात जन्मले. उजनीचं पाणी ज्या भीमेतून खाली जातं, तिच्याच काठी. मुंबईत त्यांनी सिनेमाची पोस्टरं रंगवून पोट भरलं. 1955 सालच्या त्यांच्या 'जमीन' या मोठ्या चित्रात खेड्यातली माणसं, जनावरं आणि रोजची कामं आहेत. त्याला ललित कला अकादमीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

मुलांनो, घरी गेल्यावर तवा बघा. काळा आहे ना? खिडकीजवळ धरून पुन्हा बघा. कडेला तांबूस, मध्ये निळसर, घासलेल्या जागी करडा. जर्मनच्या पातेल्यात तर अख्खं घर दिसतं. आईच्या साडीचा रंगसुद्धा. भाकरीची टोपली, खुंटीवरचा कोयता, काठावर वाळत घातलेली जाळी, पाणी उतरलं की मागोमाग सरकवावी लागणारी मोटार आणि तिचे पाईप, हे सगळे चित्राचे विषय आहेत. हिवाळ्यात रोहित पक्षी येतात, पुण्या-मुंबईचे लोक कॅमेरे घेऊन येतात. फोटो जरूर काढावेत. पण त्याच काठावर धुणं धुणारी बाई त्यांच्या फोटोत नसते. ती तुमच्या चित्रात असली पाहिजे.

खर्चाची भीती नको. पांढरा, पिवळा, तांबडा, निळा आणि तपकिरी एवढ्या पाच नळ्या पुरतात. हार्डबोर्डच्या तुकड्याला पांढऱ्या रंगाचा हात द्या. आधी पातळ थर, मग जाड. उलट केलं तर पुढे तडे जातात.

बंधू-भगिनींनो, हे मी नुसता छंद म्हणून सांगत नाही. 1980 साली उजनी धरण पूर्ण झालं. ऊस आला, केळी आली. पण काठची कित्येक गावं पाण्यात गेली. उन्हाळ्यात पाणी उतरलं की पळसदेवचं जुनं मंदिर उघडं पडतं, त्याचे फोटो पेपरात येतात. गावकुसाबाहेरच्या आपल्या वस्त्यांचं काय? दगडाचं होतं ते उरलं, मातीचं होतं ते विरघळलं. ती घरं आता फक्त म्हाताऱ्या माणसांच्या डोळ्यांत आहेत. धरण झालं तेव्हा विशीत असलेली माणसं आज साठीच्या पुढे गेली. ती गेली, की ती घरंही दुसऱ्यांदा बुडतील.

म्हणून आजीजवळ बसा. दार कुठं होतं, चूल कुठं, उतरंड कुठं, पाणी कुठून आणावं लागे, सगळं विचारा आणि रंगवा. चुकलं तर ती सांगेल, आणि तैलरंग दुरुस्तीला सवड देतो. पुढच्या वर्धापनदिनी या सभागृहाची एक भिंत अशा चित्रांसाठी मोकळी ठेवावी, अशी समितीला विनंती करतो.