लिलावातील घर : बोलीपूर्वीचे तीस दिवस



दमणगंगेच्या काठी वसलेल्या सिल्वासा शहरात गेल्या काही दशकांत कारखानदारी वाढली. मसाट, पिपरिया आणि खडोली येथील औद्योगिक वसाहतींत रोजगार शोधण्यासाठी महाराष्ट्र, गुजरात आणि त्याहूनही दूरच्या प्रांतांतून कुटुंबे आली व येथेच स्थिरावली. भाड्याच्या खोलीतून स्वतःच्या सदनिकेत जावे, ही अशा प्रत्येक कुटुंबाची साहजिक आकांक्षा होय. बाजारभाव आवाक्याबाहेर गेला म्हणजे मनुष्याची दृष्टी वृत्तपत्रातील एका विशिष्ट सूचनेकडे वळते. थकीत कर्जापोटी बँकेने ताब्यात घेतलेली मिळकत जाहीर लिलावाने विकणे आहे, अशी ती सूचना असते. राखीव किंमत पुष्कळदा बाजारभावाहून कमी दिसते. त्यातच विक्रेता म्हणून नामांकित बँक उभी असल्याने, व्यवहार निर्धोक असलाच पाहिजे असा वाचणाऱ्याचा ग्रह होतो.

हा ग्रह दूर करणे अगत्याचे आहे. बँक त्या घराची मालक नसते. ती धनको असते. कर्जदाराने जो हक्क तारण म्हणून दिला असेल, तोच हक्क विकण्याचा अधिकार कायद्याने तिला दिलेला आहे. मूळ हक्कात उणीव असेल, तर ती लिलावाने भरून निघत नाही. सूचनेत ‘जसे आहे, जेथे आहे’ हे शब्द छापलेले असतात. मिळकतीचे गुणदोष पारखण्याची जबाबदारी बोली लावणाऱ्यावर आहे, असा त्यांचा अर्थ होय.

बँकेचा हा अधिकार मुख्यतः २००२ च्या, ‘सरफेसी’ या संक्षिप्त नावाने परिचित असलेल्या कायद्यातून येतो. कर्ज अनुत्पादक ठरल्यावर बँक कर्जदारास साठ दिवसांची मागणी नोटीस देते. त्या मुदतीत फेड न झाल्यास तारण मिळकतीचा ताबा घेता येतो व आवश्यक तेथे जिल्हा दंडाधिकाऱ्यांचे साहाय्य मागता येते. त्यानंतर मिळकतीचे मूल्यांकन होऊन राखीव किंमत ठरते आणि विक्रीची सूचना दोन प्रमुख वृत्तपत्रांत प्रसिद्ध होते. त्यांपैकी एक स्थानिक भाषेतील असावे लागते. सूचना प्रसिद्ध झाल्यापासून पहिली विक्री होईपर्यंत किमान तीस दिवस जावे लागतात. विक्री न झाल्यास पुढील लिलावासाठी पंधरा दिवसांची सूचना पुरते. शेतजमिनीवरील तारणास मात्र हा कायदा लागू होत नाही. म्हणून सूचनेत भूखंडाचा उल्लेख असेल, तर तो रीतसर बिनशेती झालेला आहे किंवा नाही, हे प्रथम पाहावे.

खरेदीचे यशापयश बव्हंशी या तीस दिवसांतच ठरते. या अवधीत चार गोष्टींची चौकशी व्हावयास हवी.

पहिली गोष्ट मालकी हक्काची. दादरा आणि नगर हवेली हा प्रदेश १९५४ साली पोर्तुगीज अमलातून मुक्त झाला व १९६१ साली भारतीय संघराज्यात समाविष्ट झाला. पोर्तुगीज काळात येथे ‘अल्वारा’ नामक सनदेने, लागवडीच्या अटीवर जमिनी दिल्या जात. अटीचा भंग झाल्याच्या कारणावरून जिल्हाधिकाऱ्यांनी १९७४ साली रद्द केलेल्या काही अल्वारांचा वाद सुमारे अर्धशतक चालला आणि अखेर २०२५ साली सर्वोच्च न्यायालयाने रद्द करण्याचा निर्णय ग्राह्य धरला. एका सनदेचा निकाल लागण्यास पन्नास वर्षे जावीत, एवढे या भूमीतील हक्कांचे मूळ खोल आहे. सदनिका नवी असली तरी तिच्याखालची जमीन जुनीच असते. यास्तव सर्व्हे नंबर, अधिकार अभिलेख, बिनशेतीचा आदेश आणि बांधकामाची परवानगी ही कागदपत्रे संबंधित कचेऱ्यांतून पडताळून घ्यावीत. दुय्यम निबंधकांच्या कार्यालयातील नोंदींचा शोध माहितगार वकिलाकडून घ्यावा. त्यासाठी होणारा खर्च वाया जाणारा नव्हे.

दुसरी गोष्ट ताब्याची. दारावर नोटीस लावून घेतलेला प्रतीकात्मक ताबा आणि कुलूप-किल्लीसह घेतलेला प्रत्यक्ष ताबा यांत मोठे अंतर आहे. घरात कर्जदाराचे कुटुंब अथवा भाडेकरू राहत असेल, तर विक्री प्रमाणपत्र हाती येऊनही उंबरठा ओलांडण्यास विलंब लागू शकतो. बँकेने नेमलेल्या पाहणीच्या दिवशी जातीने जावे. क्षेत्रफळ व चतुःसीमा सूचनेतील वर्णनाशी जुळतात का ते पाहावे. शेजाऱ्यांकडे विचारपूस करावी.

तिसरी गोष्ट थकबाकीची. सूचनेत बँकेला ज्ञात असलेलेच बोजे दिलेले असतात. नगरपरिषदेचा कर, गृहनिर्माण संस्थेची वर्गणी आणि वीजदेयके यांची चौकशी खरेदीदारानेच करावयाची असते. जेथे वीजपुरवठ्याच्या नियमांत तशी तरतूद आहे, तेथे पूर्वीच्या मालकाची वीजबाकी भरल्याखेरीज नवी जोडणी नाकारता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली स्पष्ट केले आहे. औद्योगिक गाळा घेणाऱ्यास ही बाब फार महागात पडू शकते.

चौथी गोष्ट न्यायालयीन वादाची. बँकेच्या कारवाईविरुद्ध कर्जदारास पंचेचाळीस दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. असा अर्ज प्रलंबित आहे काय, असल्यास स्थगिती आहे काय, हे बँकेच्या प्राधिकृत अधिकाऱ्यास लेखी विचारावे आणि उत्तरही लेखी घ्यावे.

आता पैशाची बाजू. लिलाव आता बहुधा संगणकाद्वारे होतात. सार्वजनिक क्षेत्रातील बँकांच्या मिळकतींची माहिती ‘बँकनेट’ या संकेतस्थळावर पाहावयास मिळते. बोलीपूर्वी बयाणा रक्कम भरावी लागते. बोली मान्य झाल्यास, बयाणा धरून एकूण किमतीच्या पंचवीस टक्के रक्कम त्याच दिवशी किंवा फार तर कामकाजाच्या पुढील दिवशी भरावयाची असते. उर्वरित पंचाहत्तर टक्के विक्री कायम झाल्यापासून पंधरा दिवसांत द्यावे लागतात. लेखी संमतीने ही मुदत वाढविता येते. मात्र ती तीन महिन्यांपलीकडे जाऊ शकत नाही. शिल्लक रक्कम वेळेवर न भरल्यास पंचवीस टक्के जप्त होतात आणि मिळकतीवर हक्कही राहत नाही. अशी संपूर्ण रक्कम जप्त करण्याची बँकेची कृती सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये उचलून धरली. गृहकर्ज मिळेल या भरवशावर आयुष्याची शिल्लक पणास लावणाऱ्या कुटुंबाने हा निकाल विसरता कामा नये. कर्जाची लेखी मंजुरी आधी आणि बोली नंतर, हाच क्रम श्रेयस्कर होय.

सर्व रक्कम भरल्यानंतरची स्थिती नवी मुंबईतील एका प्रकरणावरून ध्यानात येते. तेथील एका औद्योगिक भूखंडाच्या लिलावात सेलिर या संस्थेची १०५ कोटी रुपयांहून किंचित अधिक रकमेची बोली सर्वोच्च ठरली. त्यानंतर कर्जदार बाफना मोटर्स यांनी १२९ कोटी रुपये भरून तारण सोडविण्याची तयारी दर्शविली आणि मुंबई उच्च न्यायालयाने तिला अनुमती दिली. सर्वोच्च न्यायालयाने २१ सप्टेंबर २०२३ रोजी हा आदेश रद्द केला. लिलावाची सूचना प्रसिद्ध झाल्यावर कर्जदाराचा तारण सोडविण्याचा हक्क संपुष्टात येतो, हे तत्त्व या निकालाने प्रस्थापित झाले. खरेदीदाराच्या दृष्टीने हा मोठाच दिलासा होय. तथापि कथा येथेच संपली नाही. त्रयस्थाने भूखंडावर दावा सांगितला आणि निर्वेध ताबा मिळण्यासाठी खरेदीदारास पुन्हा सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठवावे लागले. त्याविषयीचा आदेश डिसेंबर २०२४ मध्ये झाला. शंभर कोटी उभे करू शकणारी संस्था वर्षभर थांबू शकते. कारखान्यातील कामगारास एका हाताने घरभाडे व दुसऱ्या हाताने कर्जाचा हप्ता देत वर्षभर थांबणे अशक्यप्राय आहे.

या व्यवहाराच्या दुसऱ्या टोकाला ज्याचे घर गेले तो कर्जदार उभा असतो, याचेही भान असावे. त्याच्या दृष्टीने उपरोक्त निकालाचा अर्थ असा की, तारण सोडवावयाचे असेल तर ते सूचना प्रसिद्ध होण्यापूर्वीच सोडविले पाहिजे. बँकेचे पत्र न उघडता बाजूस ठेवणे हा त्यावरील उपाय नव्हे. साठ दिवसांच्या मुदतीत आक्षेप नोंदविता येतो आणि बँकेस त्याचे कारणांसह उत्तर पंधरा दिवसांत द्यावे लागते. विक्रीतून बँकेचे येणे व खर्च भागून काही शिल्लक उरल्यास, तिच्यावर हक्क असणाऱ्यास ती परत मिळते.

जाहीर लिलाव हा घर मिळविण्याचा कायदेशीर आणि राजमान्य मार्ग आहे. त्याला भिऊन दूर राहण्याचे कारण नाही. स्वस्ताईच्या मोहाने मात्र त्यात उडी घेऊ नये. हक्क, ताबा, थकबाकी आणि वाद या चार प्रश्नांची उत्तरे कागदावर मिळाली, त्या उत्तरांचा खर्च राखीव किमतीत मिळविला आणि तरीही किंमत परवडली, तरच बोली लावावी. एखाद्या प्रश्नाचे उत्तर मिळत नसेल, तर ती सूचना बाजूस ठेवून पुढील लिलावाची वाट पाहावी. मिळकती पुन्हा विक्रीस येतात. बुडालेले पंचवीस टक्के मात्र पुन्हा साठविण्यास कित्येक वर्षे लागतात.