कुलूप लागलेलं घर आणि नगरपालिकेची नोटीस
(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेले भाषण)



सेक्रेटरी मला म्हणाले, "काका, पंचवीस वर्षं झाली, काहीतरी चांगलं बोला." माझी सगळी नोकरी वेगवेगळ्या नगरपरिषदांच्या बांधकाम विभागात गेली. त्यामुळे मला मनापासून बोलता येतं ते पडक्या घरांबद्दलच. आजच्या दिवशी हा विषय कशाला, असं कुणाला वाटेल. पण शेवटी मी आपल्याच जिन्यावर येणार आहे, तेव्हा थोडं ऐकून घ्या.

आपल्यातले बरेच जण जुन्या गावातून इकडे राहायला आले. भगवंत मंदिराच्या आसपासच्या गल्ल्यांत कुणाच्या आजोबांचं, कुणाच्या चुलत्यांचं माळवदाचं घर अजून उभं आहे. दगड-मातीच्या जाड भिंती, लाकडी खण, वर पांढऱ्या मातीचा थर. असं घर माणसांच्या वावरावर जगतं. मृगाच्या आधी कुणीतरी माळवदावर चढतं, उगवलेलं गवत उपटतं, नवी पांढरी माती पसरतं, पन्हळ मोकळी करतं. घराला कुलूप लागलं की पहिलं हेच काम बंद पडतं. दोन पावसाळे गेले की पन्हळ तुंबते, पाणी वर साठतं, माती भिजून जड होते आणि तुळयांची टोकं भिंतीतल्या भिंतीत कुजायला लागतात. मग भिंत पोट सोडते. रस्त्यावरून जाणाऱ्याला ते दिसेपर्यंत आत बरंच काही होऊन गेलेलं असतं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा धक्का इथेही जाणवला होता. तिकडे माणसं गेली ती मुख्यतः अशाच जड भिंतींखाली आणि धाब्याखाली. माळवद वाईट असतं असं मी म्हणत नाही, उन्हाळ्यात त्याच्यासारखा गारवा नाही. पण त्याला माणूस लागतो.

आता नगरपालिका काय करते? लोक म्हणतात, नुसत्या नोटिसा काढते. खरंय. पण का, ते बघा. दर वर्षी पावसाळ्यापूर्वी शहरातल्या धोकादायक घरांची पाहणी होते, यादी होते. महाराष्ट्र नगरपरिषदा कायदा १९६५ चा. त्याच्या कलम १९५ खाली, पडायला आलेल्या घराच्या मालकाला किंवा राहणाऱ्याला मुख्याधिकारी नोटीस देतात, की दुरुस्त करा, टेकू द्या नाहीतर उतरवून घ्या. ऐकलं नाही तर नगरपरिषदेने ते काम स्वतः करायचं आणि खर्च मालकाकडून वसूल करायचा. वाचायला सोपं आहे. अडतं ते "मालक" या एका शब्दावर.

एका गावची गोष्ट सांगतो, गावाचं नाव सांगत नाही. भर पेठेतला दुमजली वाडा. कर आकारणीच्या रजिस्टरला आजोबांचं नाव, आणि आजोबा जाऊन तीस वर्षं झालेली. आम्ही नोटीस त्यांच्याच नावे काढली, कारण दुसरं नाव कागदावर नव्हतं. पोस्टमन "मयत" असा शेरा मारून पाकीट परत घेऊन आला. मग पंचनामा करून दारावर चिकटवली. वारस अकरा. कुणी पुण्यात, कुणी बंगळुरात, एक अमेरिकेत, दोघांचा आपसात दावा चालू. खाली एक जुना भाडेकरू, दुकान चालवणारा. प्रत्येकाला फोन केला. प्रत्येक जण म्हणाला, "साहेब, मी एकट्याने खर्च का करू?" आणि पुढच्याच वाक्यात, "पण पाडायला माझी हरकत आहे हं." भाडेकरूला भीती, की एकदा बाहेर पडलो की परत आत येणं नाही. खरं तर इमारत पाडली म्हणून भाडेकरूचा हक्क आपोआप संपत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सांगितलेलं आहे. पण दुकानदाराला निकाल दाखवून गल्ला सोडायला लावणं सोपं नसतं. जुलैमध्ये एका रात्री रस्त्याकडची भिंत आली. एक हातगाडा चेपला, एवढ्यावर निभावलं. सकाळी आम्ही पुढचा भाग उतरवला, पत्रे लावले आणि खर्चाची रक्कम त्याच आजोबांच्या नावावर थकबाकी म्हणून चढवली!

मुंबईला कायदे वेगळे आहेत, म्हाडा आहे, पण माणसं तीच. ३१ ऑगस्ट २०१७ ला भेंडी बाजारातली हुसैनी इमारत पडली, ३३ जण गेले. काही कुटुंबं आधीच बाहेर पडली होती, काही राहिली होती.

मग लोक विचारतात, नगरपालिका अशी घरं ताब्यात का घेत नाही? कारण बेवारस दिसणारं घर कायद्याने बेवारस नसतं. हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम २९ प्रमाणे अजिबात वारस नसेल तरच मालमत्ता सरकारकडे जाते, आणि ती सुद्धा राज्य सरकारकडे, नगरपालिकेकडे नव्हे. इथे तर वारस नको तितके असतात. नगरपालिकेचा हात धोक्यापुरता पोहोचतो, मालकीपर्यंत नाही. आणि मोठ्या मालमत्तांचं तर विचारूच नका. आपली बार्शी टेक्सटाईल मिल राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाची. मार्च २०२० च्या लॉकडाऊनमध्ये बंद झाली. तिचं काय करायचं हे बार्शीत ठरत नाही.

हे आपल्याकडेच आहे असं समजू नका. जपानसारख्या शिस्तीच्या देशात २०२३ च्या पाहणीत सुमारे ९० लाख घरं रिकामी निघाली. तिथेही दुखणं हेच, म्हातारी माणसं गेली आणि मुलांनी नावं लावलीच नाहीत. शेवटी एप्रिल २०२४ पासून त्यांनी वारसाची नोंद तीन वर्षांत करणं सक्तीचं केलं, नाहीतर एक लाख येनपर्यंत दंड. दुरुस्तीच्या आधी नाव, हा क्रम त्यांनी बरोबर धरला असं माझं मत आहे.

आता आपल्या जिन्यावर येतो. तुम्ही म्हणाल, आपली आरसीसीची इमारत, माळवदाशी काय संबंध? आपल्याकडे आज नऊ फ्लॅट बंद आहेत. दोन वर्षांपूर्वी वरच्या बंद फ्लॅटमधली पाण्याची लाईन गळत होती आणि खालच्या वहिनींच्या स्वयंपाकघराचा स्लॅब काळा पडत होता. किल्ली कुणाकडे आहे हे शोधण्यात चार महिने गेले. स्लॅबमधली सळई गंजायला लागली की तीही तुळईसारखीच आतल्या आत जाते.

उपविधी सांगतात, १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट दर पाच वर्षांनी आणि तीस वर्षांनंतर दर तीन वर्षांनी. आपण पंचविशीत आहोत. ऑडिटचा खर्च निघाला की वार्षिक सभेत जो गोंधळ होतो, तो मी पाहिलाय. पेंटिंगला मात्र सगळ्यांचा हात वर.

नऊपैकी चार फ्लॅटचे शेअर सर्टिफिकेट अजून गेलेल्या माणसांच्या नावावर आहेत. "नॉमिनेशन केलंय की" असं घरचे सांगतात. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर नॉमिनीला तात्पुरता सभासद करून घेता येतं, पण कायमचं नाव लागतं ते वारसांनी कागदपत्रं दिल्यावर. दहा वर्षांनी तीच दोन नावं अकरा होतात, आणि मग मेंटेनन्सचं बिल पण "मयत" शेऱ्याने परत येतं.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट. ज्या जमिनीवर आपण हा मांडव घातलाय, ती कागदावर आजही आपली नाही. कन्व्हेयन्स झालेलंच नाही. बिल्डर सही करत नसेल तर १९६३ च्या मोफा कायद्याखाली सोलापूरला जिल्हा उपनिबंधकांकडे मानीव अभिहस्तांतरणाचा अर्ज करता येतो. त्याला बिल्डरची मर्जी लागत नाही. आपण हा विषय किती सभांमध्ये पुढे ढकलला, ते इतिवृत्तात मोजा. उद्या इमारत पुन्हा बांधायची वेळ आली तर पहिला प्रश्न हाच येणार, जमीन कुणाची?

तर यंदाच्या सभेत रंगकामाच्या आधी हे दोन विषय घ्यावेत, कन्व्हेयन्सचा अर्ज आणि ऑडिट, अशी सूचना मी लेखी दिलेली आहे. वारस नोंदीचे फॉर्म सेक्रेटरींच्या टेबलावर ठेवलेत. त्या चार फ्लॅटपैकी तीन घरची मंडळी आज पुण्याहून मुद्दाम आलीयत, तिसऱ्या रांगेत बसलीयत. त्यांनी जाण्याआधी टेबलाकडे यावं, पेन माझ्याकडे आहे.