औषधाची कुपी आणि माणसाचा हात



आजारी मुलाला डॉक्टर इंजेक्शन देतात, तेव्हा आपले लक्ष सुईकडे असते. पण सुईतले औषध जंतुरहित आहे, हे कशावरून? त्यासाठी कारखान्यात काय करावे लागते, ते थोडक्यात आपणांपुढे मांडतो.

इंजेक्शन त्वचेचा आणि पोटाचा पहारा ओलांडून शरीरात जाते. म्हणून ते पूर्ण निर्जंतुक हवे. सलाइनच्या बंद बाटल्या दाबाखालील वाफेने १२१ अंश सेल्सिअसला १५ मिनिटे तापवता येतात. परंतु इन्सुलिनसारखी औषधे एवढी उष्णता सोसत नाहीत. ती ०.२२ मायक्रॉनच्या गाळणीतून गाळून, निर्जंतुक कुपीत, निर्जंतुक हवेत भरावी लागतात.

येथे सर्वांत मोठा धोका कोणाचा? माणसाचा! कितीही स्वच्छ पोशाख चढवला, तरी त्वचेचे सूक्ष्म कण सतत झडतात आणि त्यांच्यावर जंतू स्वार असतात. कुपी भरण्याच्या जागी तर एका घनमीटर हवेत अर्ध्या मायक्रॉनचे किंवा त्याहून मोठे कण ३,५२० पेक्षा जास्त चालत नाहीत.

यावर उपाय म्हणजे माणूस आणि औषध यांच्यामध्ये भिंत घालणे. 'आयसोलेटर' ही अशीच एक बंद पेटी. आत गाळलेली हवा वाहते. काम सुरू करण्यापूर्वी हायड्रोजन पेरॉक्साइडच्या वाफेने पेटीचा आतील भाग निर्जंतुक करतात. कामगार बाहेर उभा राहतो आणि भिंतीत बसवलेल्या हातमोज्यांतून आत हात घालतो. पण मोज्याला सुईच्या टोकाएवढे छिद्र पडले, तरी भिंत फुटलीच म्हणायची! म्हणून आता काही कारखान्यांत यंत्रमानवाचा हातच कुपी उचलतो, भरतो आणि बंद करतो. युरोपीय संघाचे सुधारित नियम २५ ऑगस्ट २०२३ पासून लागू झाले. अशा पेट्यांचा व यंत्रमानवांचा विचार उत्पादकांनी करावा, असे ते सांगतात. भारतानेही डिसेंबर २०२३ मध्ये औषधनिर्मितीचे 'शेड्यूल एम' सुधारले.

पालकहो, आता तुम्ही विचाराल, मग आमच्या मुलांना काम काय उरले?

१९७२ साली इंग्लंडमधील डेव्हनपोर्ट येथील रुग्णालयात डेक्स्ट्रोजच्या दूषित बाटल्या वापरल्या गेल्या आणि रुग्णांचे मृत्यू झाले. क्लोदिअर समितीच्या चौकशीत आढळले, की वाफेच्या यंत्रात हवा अडकून राहिल्याने खालच्या बाटल्या पुरेशा तापल्याच नव्हत्या. तेथील तापमापक कमी तापमान दाखवीत होता. पण तोच बिघडला असे समजून त्याकडे दुर्लक्ष झाले. यंत्र खरे बोलत होते, ऐकणारा माणूस कमी पडला!

यंत्रमानव आला तरी हे काम माणसाकडेच राहणार आहे. मोज्याची चाचणी कोण घेणार? हवेतील कणांचे आकडे वाचून काम थांबवा, असे कोण म्हणणार? नुसत्या हाताच्या कामाची गरज कमी होईल. समजून केलेल्या कामाची वाढेल.

म्हणून विद्यार्थी मित्रहो, प्रयोगवहीत आलेला आकडाच लिहा, शेजाऱ्याचा उतरवू नका. आणि पालकांना विनंती, की मुलगा असो वा मुलगी, विज्ञानाची आवड दिसली तर दहावीनंतर शिक्षण थांबवू नका. सूक्ष्मजीवशास्त्र, औषधनिर्माण, यंत्रविद्या असे अनेक मार्ग आहेत. उद्या एखाद्या कुपीची शुद्धता आपल्याच मुलीच्या प्रामाणिक नोंदीवर अवलंबून असेल.