सायकलची शर्यत आणि संसाराचे तास



सायकल ही काही आपल्या राहुरी तालुक्याला नवी वस्तू नव्हे. हँडलला दुधाच्या किटल्या अडकवून निघालेले गवळी, कॅरिअरवर पोते बांधून बाजार गाठणारे शेतकरी, कारखान्याच्या पाळीवर जाणारे कामगार, यांच्या सायकली पाहतच आपण लहानाचे मोठे झालो. त्या सायकलीविषयी घरात कधी तक्रार नसे, कारण ती घरासाठीच फिरत असे. अलीकडे मात्र दुसऱ्या जातीची सायकल रस्त्यावर दिसू लागली आहे. हिला कॅरिअर नाही, मडगार्ड नाही, स्टँडसुद्धा नाही. आणि किंमत ऐकली तर म्हातारी माणसे खाली बसतात. ही सायकल पहाटे निघते आणि पन्नास-साठ किलोमीटर फिरून निघाल्या जागीच परत येते. जाताना काही नेत नाही, येताना काही आणत नाही. शर्यतीचा सराव म्हणतात तो हाच.

तेव्हा घरच्या मंडळींनी ‘हे काय चाललंय?’ असे विचारले, तर त्यांचे काय चुकले? प्रश्न रास्त आहे. नोकरी किंवा शेती, मुलेबाळे, आणि लांब पल्ल्याच्या सायकलीचा सराव, ही तीन ओझी एका माणसाला पेलतात का, आणि पेलायची तर कशी, याचा आज आपण थोडा विचार करू.

आधी साधा हिशेब मांडू या. आठवड्याचे तास १६८. रोज सात तास झोप धरली तर ४९ गेले. नोकरी आणि जाण्यायेण्याचे ५० धरा. राहिले ६९. आंघोळ, जेवण, बाजारहाट, मुलांचा अभ्यास, आल्यागेल्याची विचारपूस, म्हाताऱ्यांचा दवाखाना, यांत रोज सहा तास सहज जातात. म्हणजे आणखी ४२ वजा. हाती उरले २७. सरावाला आठवड्याला दहा तास हवेत म्हटले, तर या उरलेल्या वेळेचा तिसऱ्या हिश्शाहून अधिक भाग सायकल घेऊन जाते. आता याच कागदावर दुसरा रकाना आखा आणि त्यात तुमच्या पत्नीचे तास मांडा. पाणी भरणे, डबे, धुणे, गुरे असतील तर त्यांचे, नोकरी असेल तर तीही. तिच्या रकान्यात २७ उरतात का ते पाहा. बहुतेक घरांत उरणार नाहीत. तुम्ही पहाटे दोन तास बाहेर असता तेव्हा मुलांना उठवण्याचे आणि डबे भरण्याचे काम काही थांबत नाही. ते फक्त एका माणसाच्या अंगावरून दुसऱ्याच्या अंगावर जाते. सराव तुमचा, पण तास दोघांचे. माझे आजचे म्हणणे एवढेच आहे.

यावर कुणी म्हणेल, ‘मग संसारी माणसाने शर्यतीचा नादच करू नये की काय?’ तसे मुळीच नाही. आपल्याच महाराष्ट्रातली उदाहरणे पाहा.

अमेरिकेत १९८२ सालापासून पश्चिम किनाऱ्याकडून पूर्व किनाऱ्याकडे जाणारी एक सायकल शर्यत होते. ‘रेस अक्रॉस अमेरिका’ तिचे नाव. अंतर सुमारे ४,८०० किलोमीटर. वाटेत वाळवंट आहे, रॉकी पर्वत आहे, आणि घड्याळ रात्रंदिवस चालू असते. २०१५ साली नाशिकचे डॉ. हितेंद्र महाजन आणि डॉ. महेंद्र महाजन या दोघा भावांनी ही शर्यत जोडीने, नऊ दिवसांच्या मुदतीच्या आत पुरी केली. थोरले भूलतज्ज्ञ, धाकटे दातांचे डॉक्टर. दोघेही व्यवसाय सांभाळून सायकल चालवणारे. पुढे २०१७ साली सैन्यातले डॉक्टर श्रीनिवास गोकुलनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी हीच शर्यत एकेकट्याने, बारा दिवसांच्या आत पार केली. यांतल्या कुणाचाही सायकल हा पोटापाण्याचा धंदा नव्हता.

जोडीच्या शर्यतीची रीत मोठी पाहण्यासारखी आहे. एक भाऊ पायडल मारतो तेव्हा दुसरा गाडीत विसावा घेतो, मग अदलाबदल. घड्याळ दोघांचे मिळून एकच. एकाने हौसेने आपली पाळी लांबवली आणि दुसऱ्याला पाळीच दिली नाही, तर जोडी बुडते. एकट्याच्या शर्यतीतही माणूस खऱ्या अर्थाने एकटा नसतोच. रात्रीच्या वेळी मागे स्वतःच्या माणसांची गाडी, तिच्या दिव्यांच्या उजेडात पुढे स्वार, असाच तिथला नियम. २०१९ साली नवी मुंबईचे वकील कबीर राचुरे यांनी ही शर्यत एकट्याने पुरी केली, तेव्हा त्यांच्या मदतनीस पथकाची सूत्रे त्यांच्या भगिनी सपना राचुरे यांच्या हाती होती. कुठे थांबायचे, किती झोपायचे, काय खायचे हे ठरवणारे माणूस घरचेच होते.

आपल्या घरीही अशीच जोडीची शर्यत चालू असते. फरक इतकाच, की घरात पुष्कळदा एकच माणूस कायम सायकलवर असतो आणि दुसरे कायम मागच्या गाडीत. ही अदलाबदल झाली पाहिजे. मंगळवार, गुरुवार, शनिवारची पहाट तुमची असेल, तर बुधवार आणि शुक्रवारची पहाट तिची असू द्या. त्या वेळात ती चालायला जाईल, भजनाला जाईल, परीक्षेचा अभ्यास करील किंवा नुसती झोपेल. तो तिचा प्रश्न. त्या दिवशी डबे तुम्ही भरायचे. ‘मी मदत करतो’ असे म्हणू नका. मदत दुसऱ्याच्या कामात करतात. पाळी आपली असते.

आता आपल्या भागापुरते चार शब्द. पहिली गोष्ट, ध्येय बेताचे ठेवा. अमेरिका राहू द्या. ‘ब्रेव्हे’ नावाचे लांब पल्ल्याचे उपक्रम आपल्याकडे अनेक शहरांत होतात. सायकलवाले त्यांना ‘बीआरएम’ म्हणतात. २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला २०, ४०० ला २७ आणि ६०० ला ४० तास अशी मुदत असते. इथे पहिला-दुसरा क्रमांक नसतो; मुदतीत पोचला तो उत्तीर्ण. २०० किलोमीटरचा हिशेब केला तर चहापाणी, जेवण, पंक्चर धरून ताशी पंधरा किलोमीटरदेखील पडत नाहीत. संसारी माणसाला पुरेसे आव्हान आहे, आणि आवाक्यातलेही आहे.

दुसरी गोष्ट, सरावाला आरंभ असावा तसा शेवटही असावा. बारा ते सोळा आठवडे आधी घरात बसून तारखा ठरवा आणि त्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. ज्या सरावाला शेवट नाही, त्याला घरच्यांनी होकार तरी कसा द्यावा? आठवड्यात तीन पहाटा दीड-दीड तास, आणि रविवारी चार-पाच तासांची एक लांब फेरी, एवढ्यावर २०० किलोमीटरची तयारी होते. कामावर जाण्यायेण्याचा रस्ता सायकलीने केला, तर तेवढे तास घराकडून मागावेच लागत नाहीत.

तिसरी गोष्ट रस्त्याची. गळिताचा हंगाम सुरू झाला की नगर-मनमाड रस्त्यावर उसाचे दोन-दोन ट्रेलर ओढणारे ट्रॅक्टर रात्रंदिवस धावतात, आणि मागे लाल दिवा असेलच याची खात्री नाही. आतल्या रस्त्यांना ऊस दोन्ही अंगांनी असतो आणि उसात बिबट्याचा वावर असतो. तेव्हा उजाडण्यापूर्वी एकट्याने निघण्यात काही मर्दुमकी नाही. दोघे-तिघे मिळून निघा, मागेपुढे दिवे लावा, आणि कुठल्या वाटेने जाणार व किती वाजता परतणार हे घरी सांगून निघा. मुळा धरणाकडे म्हणालात आणि शिंगणापूरकडे वळलात, असे होता कामा नये. साडेसातला येतो म्हटलेला माणूस नऊपर्यंत आला नाही, तर दारात उभ्या असलेल्या माणसाचा तो दीड तास कसा जातो, याचा विचार सायकलवरच्याने करायला हवा. हंगामात रस्ता फारच धोक्याचा वाटला, तर मागचे चाक सांगाड्यावर चढवून घरातल्या घरात पायडल मारण्याची सोय आता मिळते. तिला ट्रेनर म्हणतात. तेही खुशाल वापरा.

चौथी गोष्ट, सराव चुकवायला शिका. शेतीपंपाची लाईट रात्रीची असली आणि दारं धरायला रात्रभर उसात उभे राहावे लागले, तर दुसऱ्या पहाटे सायकलला हात लावू नका. मूल तापले, पाहुणे आले, परीक्षेच्या उत्तरपत्रिका तपासायच्या राहिल्या, तर फेरी सोडून द्या. आणि सोडल्याचा राग घरावर काढू नका. चार-सहा दिवसांच्या खंडाने कमावलेली ताकद कुठे जात नाही. उलट झोप मोडून केलेला सराव अंगी लागत नाही, कारण झिजलेले स्नायू भरून येतात ते विश्रांतीत. शिवाय झोप चोरली की तिची वसुली कामाच्या ठिकाणी होते. वर्गात डुलक्या घेणारा विद्यार्थी आम्ही प्राध्यापक मंडळी एक वेळ सहन करतो. पण डुलक्या घेणारा प्राध्यापक विद्यार्थ्यांनी का म्हणून सहन करावा?

पाचवी गोष्ट पैशाची. सायकल, टायर, हेल्मेट, दिवे, प्रवेशाचे पैसे, यांचा आकडा घरात खराखुरा सांगा. किमतीतले एक शून्य झाकून ठेवले, तर ते कधी ना कधी बाहेर येतेच. आणि मग सायकलीवरच नव्हे, तुमच्या पहाटेच्या वेळेवरही अविश्वास बसतो.

महाजन बंधूंच्या घरची एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. डॉ. हितेंद्र यांचा मुलगा ओम याने २०२० साली, वयाच्या सतराव्या वर्षी, श्रीनगर ते कन्याकुमारी हे अंतर सायकलीने नऊ दिवसांच्या आत कापले. बापाची हौस मुलापर्यंत पोचली ती अशी. प्रत्येक घरात असे होईलच असे नाही, आणि व्हावे अशी सक्तीही नको. पण मुलांना पायडलचा छंद लागो न लागो, आपल्या घरात वेळेची वाटणी कशी होते हे ती रोज पाहत असतात. मोठेपणी तीच वाटणी ती आपापल्या घरी करतील.

तेव्हा दुकानात जाऊन सायकली पाहण्याआधी, आज रात्री जेवणे आटोपली की तो दोन रकान्यांचा कागद दोघांनी मिळून भरा. तिच्या रकान्यात दहा तास मोकळे निघाले नाहीत, तर आधी ते कसे निघतील हे पाहा. मग तुमच्या दहा तासांचे बोलणे काढा.